धर्मादाय रुग्णालयाचा कारभार

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंदूर येथे भरलेल्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या सभेत बोलण्याचा मान चालकांनी मला दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पन्नास वर्षे एखादी संस्था चालावी, तीही तट न पडता आणि दरसाल हिशेब तपासून घेत, ही आपल्या मंडळींत सामान्य गोष्ट नव्हे. चार मराठी माणसे एकत्र आली की एक मंडळ निघते आणि पाचवा आला की दुसरे, असे आपल्याविषयी आपणच थट्टेने म्हणतो. ती थट्टा आपल्या संस्थेने खोटी पाडली आहे. सकाळ-संध्याकाळचा दवाखाना, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या आणि अडल्यानडल्याला मदत, हे काम ज्यांनी गाजावाजा न करता चालवले त्यांना प्रथम वंदन करतो.

मी डॉक्टर नाही. माझी सारी नोकरी रुग्णालयांच्या कचेऱ्यांत गेली. आज संस्थेपुढे एक मोठा विचार आहे. दवाखान्याच्या जागी पन्नास खाटांचे रुग्णालय उभारावे असा ठराव येत्या वार्षिक सभेत यावयाचा आहे. चालकांनी मला सांगितले की ठरावाच्या बाजूने बोला किंवा विरुद्ध बोला, परंतु रुग्णालयाचा कारभार म्हणजे काय, हे सभासदांना समजेल अशा भाषेत सांगा. तेवढेच मी करणार आहे.

पहिली गोष्ट पैशाची. इमारतीसाठी देणगी मिळवणे हे त्या मानाने सोपे काम आहे. कोनशिलेवर नाव कोरले जाते, आईवडिलांच्या स्मरणार्थ खोली देता येते, उद्घाटनाचा समारंभ होतो. परंतु परिचारिकेच्या पगारासाठी, कापूस-पट्टीसाठी, विजेच्या बिलासाठी किंवा चादरी धुण्यासाठी देणगी देण्यास सहसा कोणी पुढे येत नाही. त्या खर्चावर पाटी लावता येत नाही. रुग्णालयाचा खरा खर्च मात्र तोच असतो. बांधकामाचा खर्च एकदा होतो. चालवण्याचा खर्च रोज होतो आणि थोड्याच वर्षांत तो बांधकामाच्या खर्चास मागे टाकतो.

एक साधा हिशेब पाहा. एका वॉर्डात दिवसरात्र एक परिचारिका हजर हवी, तर किती परिचारिका नेमाव्या लागतील? तीन पाळ्या म्हणून तीन, असे बहुतेक जण म्हणतील. वर्षात ३६५ दिवसांच्या तीन पाळ्या, म्हणजे १०९५ पाळ्या भरावयाच्या. एका परिचारिकेच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि सण, रजा, आजारपण मिळून ३३ दिवस वजा केले, तर ती वर्षात २८० दिवस कामावर येते. १०९५ ला २८० ने भागा; जवळजवळ चार येतात. ज्यांनी तिघींचाच पगार धरला, त्यांच्याकडे चौथीचे काम त्या तिघींच्या अंगावर पडते. मग त्या थकतात, चिडतात आणि सोडून जातात. लोक म्हणतात, “तिथल्या सिस्टर फार तुसड्या आहेत.” वस्तुतः तुसडेपणा अंदाजपत्रकातला असतो.

आपण देवी अहिल्याबाईंच्या शहरात बसलो आहोत. घाट, विहिरी, धर्मशाळा असे त्यांचे दानधर्माचे काम हिंदुस्थानभर पसरलेले आहे. त्यात एक शिस्त होती. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा, असे दोन हिशेब त्यांनी कटाक्षाने राखले आणि दानधर्म खासगीतून केला. धर्मकार्य करणाऱ्या संस्थेला यापेक्षा मोठा धडा कोणी देऊ शकणार नाही. रुग्णालयाचा चालू खर्च, इमारत निधी आणि गरीब निधी या तीन थैल्या पहिल्या दिवसापासून निराळ्या ठेवा. इमारत निधीतून पगार देण्याची वेळ ज्या संस्थेवर येते, तिची इमारतही अपुरी राहते आणि पगारही थकतात.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे हुकूम कोणाचा? गिरणीत मालकाचा हुकूम चालतो, शाळेत मुख्याध्यापकांचा. रुग्णालयाची गोष्ट निराळी आहे. पैसा विश्वस्तांचा, निर्णय डॉक्टरांचा, रात्रंदिवस सहवास परिचारिकेचा आणि कागद कचेरीचा. डॉक्टरांनी एक औषध लिहिले की खर्च झालाच. त्यांस व्यवस्थापक ‘नको’ म्हणू शकत नाही आणि म्हणूही नये. म्हणून या कारभारात प्रत्येकाची सीमा लेखी आखून ठेवावी लागते.

विश्वस्तांनी धोरण ठरवावे, माणसे पारखून नेमावीत आणि दरमहा हिशेब मागावा. कोणाला खाट द्यावी, कोणाला रांगेतून पुढे घ्यावे, कोणते यंत्र कोणाकडून घ्यावे यात हात घालू नये. मी अनेक ठिकाणी विश्वस्तांच्या चिठ्ठ्या पाहिल्या आहेत. “पत्रवाहक आपले स्नेही आहेत, लक्ष घालावे.” चिठ्ठी लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु चिठ्ठी घेऊन येणारा पुढे गेला की चिठ्ठी नसलेला मागे पडतो, आणि धर्मादाय रुग्णालय मुळात त्या चिठ्ठी नसलेल्या माणसासाठी असते. देणगीदाराने अट घालूच नये असे माझे म्हणणे नाही. मुंबईचे सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. सेठजींच्या इस्टेटीतून मोठी देणगी देताना विश्वस्तांनी अट घातली होती की, तेथील अध्यापक व डॉक्टर हिंदी असावेत. ती अट साऱ्या समाजाच्या हिताची होती, एखाद्या पाहुण्याच्या खाटेची नव्हती. अटी घालावयाच्या तर अशा घालाव्यात.

याच ओघात एक नाजूक गोष्ट सांगून टाकतो. विश्वस्तांच्या घरच्या पेढीकडून औषधे, धान्य किंवा बांधकामाचे साहित्य घेऊ नये. भाव स्वस्त असला तरी घेऊ नये. व्यवहार स्वच्छ असेलही. पण तो तसा आहे हे दरवेळी सिद्ध करीत बसावे लागते, आणि संशयाला ऑडिटरचा दाखला पुरत नाही.

तिसरी गोष्ट नोंदवहीची. तुम्ही म्हणाल, कचेरीचा माणूस वहीवर येणारच! पण मी दोन गोष्टी सांगतो. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात विद्यार्थी डॉक्टर शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्यात शंभरातल्या सुमारे दहा बाळंतिणी तापाने दगावत, दुसऱ्यात सुमारे चार. हा फरक कोणाच्या नजरेत भरला? नोंदी ताडून पाहणाऱ्या सेमेलवाइस यांच्या. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागतात हे त्यांनी १८४७ साली ओळखले आणि क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. मृत्यू शेकडा एक-दोनवर आले. जंतूंचे शास्त्र तेव्हा मान्य व्हावयाचे होते. परंतु वही खरे बोलत होती.

दुसरी गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची. हातात दिवा घेतलेले त्यांचे चित्र आपण पाठ्यपुस्तकात पाहिले आहे. त्या दिव्याइतकीच त्यांच्या हातातली आकडेवारी महत्त्वाची होती. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ४२ होते. मार्चमध्ये आरोग्य समितीने गटारे उपसली, हवा खेळती केली. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. पुढे सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात म्हणून बाईंनी तक्ते तयार केले आणि ते १८६० साली लंडनच्या संख्याशास्त्र परिषदेपुढे मांडले गेले.

आपल्याला एवढ्या लांब जावयास नको. आपल्या नियोजित पन्नास खाटांचाच हिशेब करू. वर्षाला पन्नास गुणिले ३६५, म्हणजे १८,२५० ‘खाट-दिवस’ होतात. शेकडा ऐंशी खाटा भरलेल्या धरल्या तर १४,६०० खाट-दिवस वापरात आले. एक रोगी सरासरी पाच दिवस राहिला, तर वर्षात २,९२० रोगी बरे करून पाठवता येतील. तोच सरासरी चार दिवस राहिला, तर ३,६५०. म्हणजे ७३० रोगी अधिक! एवढ्यांसाठी आणखी बारा-तेरा खाटा बांधाव्या लागल्या असत्या. आता हा पाचवा दिवस कशात जातो ते पाहा. रक्ताच्या तपासणीचा कागद संध्याकाळी आला. तोवर डॉक्टर घरी गेले होते. रविवारी घरी सोडण्याचा कागद कोणी करीत नाही. बिल तयार व्हायला तीन तास लागले. तोवर खेड्याकडची मोटार निघून गेली. यात औषधोपचार काहीच नाही. रोग्याला अपुऱ्या प्रकृतीत घरी घालवा असे कोणी सांगणार नाही. पण बरा झालेला माणूस कागदासाठी अडकू नये. खाटा वाढवण्यापूर्वी दिवस मोजावेत. एक पै न लागता बारा खाटा मिळण्याची ती जागा आहे.

शिवाय सगळ्या खाटा सदा भरलेल्या असाव्यात असा हट्टही नको. पूर्ण भरलेल्या रुग्णालयात मध्यरात्री आलेल्या अडलेल्या बाईला कोठे ठेवणार? पाच-दहा खाटा रिकाम्या दिसल्या म्हणून ‘तोटा’ समजू नये. अग्निशामक बंब रोज विझवायला जात नाही, म्हणून आपण तो विकीत नाही.

चौथी गोष्ट ताटकळण्याची. आपल्या दवाखान्यातही सकाळी आठ वाजता गर्दी आणि अकरा वाजता शुकशुकाट असतो. इंग्लंडात नॉर्मन बेली यांनी १९५२ साली दवाखान्यांतील रांगांचा गणिती अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांना एकाच वेळी बोलावल्याने डॉक्टरांचा वेळ थोडा वाचतो; रोग्यांचा मात्र पुष्कळ फुकट जातो, असे त्यात दिसते. त्यांनी सुचविलेला उपाय सोपा होता. आरंभी दोघांना बोलवावे आणि पुढे, एका रोग्याला सरासरी जेवढा वेळ लागतो, तेवढ्या अंतराने एकेकाला. अर्थात डॉक्टर वेळेवर येणे ही त्यातली पहिली अट होय. मालव्यातून किंवा निमाडातून येणाऱ्या मजुराचा दिवस बुडाला म्हणजे त्याची मजुरी बुडाली. फी माफ केली तरी हा खर्च त्याच्याकडून आपण घेतलेलाच असतो. आपल्या जमेत मात्र तो दिसत नाही.

पाचवी गोष्ट कोठाराची आणि देखभालीची. आपल्यात कित्येक व्यापारी आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही. कोठारातल्या औषधांचे तीन वर्ग करावेत. ज्यांच्यावाचून जीव जाईल ती पहिल्या वर्गात, ज्यांच्यावाचून उपचार अडेल ती दुसऱ्यात आणि असल्यास बरे अशी तिसऱ्यात. पहिल्या वर्गाचा साठा कधीही संपता कामा नये, मग त्यात पैसा अडकला तरी चालेल. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर काढावे. दुकानदार मागणी पाहून माल भरतो. रुग्णालयाला मागणी होण्यापूर्वीच भरावा लागतो.

यंत्रांचीही तीच कथा. एका रुग्णालयात (नाव घेण्याचे कारण नाही) मी नोकरीस असता एका दानशूर गृहस्थांनी शस्त्रक्रियेची उत्तम खोली बांधून दिली. वर्षभराने उपकरणे निर्जंतुक करणारी वाफेची भट्टी बिघडली. दुरुस्तीची तरतूद कोणत्याच खात्यात नव्हती. तीन आठवडे ती संगमरवरी खोली बंद राहिली आणि रोगी परत गेले. देणगीपत्रात यंत्राच्या किमतीबरोबर निदान पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम मागून घ्यावी, हे मी तेव्हापासून प्रत्येक संस्थेला सांगत आलो आहे.

बंद पडलेल्या भट्टीने नुसती गैरसोय होते. दुसऱ्या काही गोष्टींनी प्राण जातात. २०११ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या एका मोठ्या रुग्णालयास आग लागली आणि सुमारे नव्वद माणसे गेली. मोटारी ठेवण्यासाठी असलेल्या तळघरात पेट घेणारे सामान साठवले होते. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या पालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रोगी प्राणास मुकले. हे रोगी रोगाने गेले असे कोण म्हणेल? वायरिंगची तपासणी, प्राणवायूची दुसरी सोय, रात्रीच्या पाळीला जागा असणारा जबाबदार माणूस या कारभाराच्या गोष्टी आहेत. पन्नास खाटांचे रुग्णालय काढणे म्हणजे पन्नास घरांची ही जबाबदारी रोज रात्री शिरावर घेणे होय.

नियम पाळण्यास पैसा फार लागतो असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या वेळी मोठ्याने वाचावयाची एका पानाची यादी तयार केली. रोगी तोच ना, बाजू तीच ना, उपकरणे मोजली का, असे साधे प्रश्न तिच्यात आहेत. दिल्ली धरून जगातील आठ शहरांत तिची परीक्षा झाली; तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू हजारी पंधरावरून आठवर आले. आणि आपल्या शहराचेच उदाहरण घ्या. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिले आले. ओला आणि सुका कचरा घरातच निराळा करावयाचा, आणि गाडी रोज ठरल्या वेळी यावयाची. रुग्णालयाच्या कचऱ्यासाठीही पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी विभागणी कायद्याने ठरवून दिली आहे. जे शहर घरोघर जमले, ते पन्नास खाटांत जमू नये काय?

आता मोफत सेवेविषयी. सर्वांना सर्व काही मोफत द्यावे असे मनाला वाटते, पण त्या वाटेने गेलेल्या पुष्कळ संस्था शेवटी सर्वांनाच काही देऊ शकल्या नाहीत. दोन उदाहरणे मननीय आहेत. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली भाड्याच्या घरात अकरा खाटांवर ‘अरविंद’ नेत्र रुग्णालय सुरू करून बसले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली होती. पैसे देणारे आणि न देणारे दोघांनाही तेच डॉक्टर आणि तीच शस्त्रक्रिया. फरक खोलीत आणि बिछान्यात. शस्त्रक्रियागृहात एका टेबलावर डॉक्टर काम करीत असता शेजारच्या टेबलावर पुढचा रोगी तयार ठेवलेला असतो, त्यामुळे डॉक्टरांचा एक क्षणही वाया जात नाही. खेड्यातल्या मुलींना शिकवून त्यांच्या हाती पुष्कळसे काम दिले. डोळ्यात बसवायची परदेशी भिंगे महाग पडतात, म्हणून १९९२ साली स्वतःचा कारखाना काढला. या काटकसरीवर, आणि पैसे देणाऱ्यांच्या जिवावर, लाखो गरिबांना फुकट किंवा अल्प खर्चात दृष्टी मिळाली.

दुसरे उदाहरण सेवाग्रामचे. डॉ. सुशीला नायर यांच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी आरोग्य विम्याची योजना चालवली. तिची वर्गणी सुगीच्या वेळी, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, ज्वारीच्या रूपाने घेतली जाई. शेतकऱ्याच्या हाती केव्हा काय असते हे ओळखून केलेली ही योजना. ज्याने दोन पायली ज्वारी दिली, तो रुग्णालयात याचक म्हणून येत नाही, हक्काने येतो.

हल्ली सरकारी योजनांचाही आधार आहे. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली आणि पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, तिचा लाभ ठेवला आहे. परंतु लक्षात ठेवा, तेथे उपचार आधी आणि पैसा नंतर. कागदात उणीव राहिली तर पैसा अडतो. पगार मात्र एक तारखेलाच द्यावा लागतो. तेव्हा योजनेत सामील व्हावयाचे तर कागद जाणणारा एक चोख माणूस आणि काही महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी, या दोन्ही हव्यात.

माझी सूचना अशी की, मोफत रोग्याचेही पूर्ण बिल वहीत लिहावे आणि ते गरीब निधीतून फेडावे. मग वर्षअखेर देणगीदाराला सांगता येईल की आपल्या पैशाने अमुक बाळंतपणे झाली, अमुक मोतीबिंदू निघाले. रोग्याला मात्र ते बिल दाखवू नये. त्याने फक्त बरे होऊन घरी जावे. आपल्या जातीचा की परक्या, मराठी की माळवी, हा प्रश्न तर दारावर विचारूच नये. या प्रांताने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सामावून घेतले. त्या ऋणाची थोडी फेड करण्याची ही संधी आहे.

सारांश सांगतो. ठरावास माझा विरोध नाही. परंतु कोनशिला बसवण्यापूर्वी चार गोष्टी हाती असाव्यात असे मला वाटते. इमारत निधीखेरीज निदान तीन वर्षांच्या तुटीस पुरेल एवढा वेगळा निधी. विश्वस्त, वैद्यकीय प्रमुख आणि व्यवस्थापक यांच्या अधिकारांचा लेखी मसुदा. पूर्ण वेळ काम करणारा, पगारी आणि जबाबदार व्यवस्थापक. आणि दरमहा विश्वस्तांपुढे येणारा एक पानाचा तक्ता. त्या तक्त्यात किती रोगी आले, किती दिवस राहिले, किती दगावले, किती मोफत आणि पहिल्या वर्गातले कोणते औषध संपले, एवढेच असावे. हे चार जमले तर पन्नास खाटा अवश्य काढा. जमत नसतील, तर दहा खाटांचे प्रसूतिगृह आणि आजचाच दवाखाना उत्तम चालवा. त्यात यत्किंचितही कमीपणा नाही. लहान आणि चालू असलेले रुग्णालय हे मोठ्या आणि कुलूप लागलेल्या रुग्णालयापेक्षा रोग्याच्या अधिक कामाचे असते.

तरुण मंडळींना एकच विनंती. देणगी देता न आली तर वेळ द्या. आठवड्यातून दोन तास खिडकीपाशी बसून खेड्याकडून आलेल्या माणसाचा अर्ज भरून द्या, त्याला कोणत्या खोलीत जायचे ते दाखवा. या कामाला वैद्यकीय पदवी लागत नाही, आणि रुग्णालयाविषयी लोकांचे मत बहुधा त्या खिडकीपाशीच बनते.

 संस्थेच्या हातून रुग्णसेवेचे मोठे कार्य घडो आणि अमृतमहोत्सवाच्या सभेत तिच्या वहीतले आकडे अभिमानाने वाचले जावोत, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.